दगड लग्नाला गेला

हे लिहायला बसण्याआधी माफी मागायला हवी. मराठीत लिहायचा मला सराव नाही. काशीतल्या रामघाटावरच्या आमच्या घरात मराठी बोलतात ती जेवायला वाढताना, रागावताना आणि देवासमोर. दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. माझी शाळा हिंदीत झाली, कॉलेज अर्धं हिंदीत आणि अर्धं इंग्रजीत चाललं आहे. बाबा वेदपाठशाळेत शिकले, त्यांना सगळं तोंडपाठ असतं, पण कॉलेजची पायरी माझ्याआधी घरातलं कोणी चढलेलं नाही. तेव्हा वाक्य कुठे वाकडं गेलं तर सांभाळून घ्या. त्यातून मी ज्या देशाबद्दल लिहिणार तो मी पाहिलेला नाही, आणि ज्या संध्याकाळबद्दल लिहिणार ती आठवली की मला अजून मळमळतं. अशा माणसाने गप्प बसावं, हे मला कळतं. पण आत्या म्हणाली, "तू तिथं होतास ना? मग तूच लिही. जे नव्हते ते काय लिहिणार?" म्हणून लिहितो.

सुरुवात कॉलेजात झाली. प्राचीन इतिहासाच्या वर्गात सरांनी सेमिनारचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. कोणाला स्तूप आले, कोणाला नाणी. माझ्या चिठ्ठीत निघालं, 'उत्तर युरोपातील रून लिपीचे शिलालेख'. वर्ग हसला. मला रून म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. बदलून मागावं असं वाटलं, पण मागायची हिंमत झाली नाही, आणि आता वाटतं की बरं झालं.

लायब्ररीत एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. त्यातला एक परिच्छेद वाचायला मला पहिल्या दिवशी दुपार गेली. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क या बाजूला हजारेक वर्षांपूर्वी लोक मोठे दगड उभे करत आणि त्यांवर लेख कोरत. अक्षरं सगळी उभ्या आणि तिरक्या रेघांची, काड्यांसारखी. आधी लाकडावर कोरायची सवय होती म्हणे, आणि लाकडाच्या शिरेबरोबर जाणारी रेघ त्यात हरवून जाते. मजकूर बहुतेक एकाच साच्याचा. अमक्याने आपल्या बापामागे हा दगड उभा केला. तमकीने आपल्या मुलामागे. काही ठिकाणी, अमकीने मेलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी पूल बांधला.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटलं. कारण हे मी रोज वाचत होतो. आमच्या गल्लीतून घाटाकडे उतरताना पाण्याच्या नळाशेजारी एक दगड बसवलेला होता. गुडघ्याच्या वर येईल एवढा, चुनारचा लालसर दगड. त्यावर जुन्या वळणाच्या देवनागरीत लिहिलेलं होतं की एका बाईने आपल्या सासूच्या स्मरणार्थ ही पायरी आणि पाण्याची जागा बांधली. दोघींची नावं होती. मी ती इथे लिहीत नाही, आत्याला ते आवडणार नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात परत आली ती इथलीच झाली, आणि पाठशाळेच्या स्वयंपाकघरात पोळ्या करते. तिला फारसं वाचता येत नाही. पण दगडावर काय आहे ते तिला पाठ होतं. रोज सकाळी पहिली पोळी उतरली की तिचा कावळ्याचा घास ती त्या दगडाच्या तुटक्या कोपऱ्यावर नेऊन ठेवायची, तूप लावून. घास कावळ्याचा, पण जागा तिने निवडलेली. "जिच्या पायरीवरून पाणी आणते, तिच्या नजरेसमोरून घास जाऊ दे," असं म्हणायची. त्या कोपऱ्यावर तुपाचा काळा डाग पडला होता. लहानपणी मी तो नखाने खरवडत असे आणि शिव्या खात असे.

मग गल्लीत नवी फरशी आली. जुने दगड उपटून नळाजवळ ढीग करून ठेवले होते, आणि एका सकाळी ढीग नाहीसा झाला. फरशीच्या ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "मलबा होता, गेला." दगडाच्या जागी सिमेंट ओतलं होतं. आत्या घास घेऊन गेली आणि तसाच परत घेऊन आली. दुसऱ्या दिवशीही गेली. मग म्हणाली, "सिमेंटवर कावळासुद्धा येत नाही." त्यानंतर ती घास गच्चीवर ठेवू लागली, पण नळाशेजारची ती हातभर जागा रोज झाडत राहिली. गल्लीतल्या बायकांनी विचारलं तर म्हणायची, "पाहुणा यायचाय."

माझा सेमिनार ठीक झाला. मी अडखळलो, पण फळ्यावर रून काढून दाखवल्या. कोणीतरी त्याचा फोटो काढून कुठेतरी टाकला असावा, कारण थोड्याच दिवसांत मला एका माणसाचा फोन आला. तो थीमची लग्नं लावून देण्याचं काम करतो. इथल्या एका व्यापारी घरातला मुलगा नॉर्वेत नोकरीला आहे, तो तिथल्याच मुलीशी लग्न करतो आहे, आणि संगीताची संध्याकाळ 'वाइकिंग' करायची आहे. त्याला पुराणातल्यासारखा एक दगड हवा होता, त्यावर त्यांच्या लिपीत काहीतरी कोरलेलं. "तू लिहून दे गुरु," तो म्हणाला. बनारसमध्ये गुरु म्हणजे कोणीही, पानवालासुद्धा.

मी हो म्हटलं. पुस्तकात पाहिलेली अक्षरं एकदा खऱ्या दगडात उतरलेली बघायला मिळतील, एवढाच मोह होता. मी घरी बसून एक मजकूर केला. नातवाने आपल्या आजोबांमागे हा दगड उभा केला, ते प्रामाणिक व्यापारी होते. अगदी जुन्या साच्यात बसवला. फार मन लावून.

त्याच्या ऑफिसात गेलो. त्याने कागद पाहिला आणि मी त्याचा अर्थ सांगितला.

"मेलेल्या माणसाचा दगड?" तो म्हणाला. "लग्नात?"

"ते दगड मेलेल्यांसाठीच असतात."

"गुरु, तुझे बाबा घाटावर पिंडदान करवतात ना? म्हणून तुला सगळीकडे तेच दिसतं." टेबलापलीकडचे दोघे हसले. "हे लिही." आणि त्याने मोबाईलवर नवरानवरीच्या नावांना जोडून केलेला एक हॅशटॅग दाखवला. "आणि खाली आमचा मोबाईल नंबर."

मी म्हटलं, त्या लिपीत आकडे असे लिहीत नसत.

"आकडे नाहीत? मग त्यांचे फोन कसे लागायचे?"

ऑफिस पुन्हा हसलं. मीही थोडं हसलो. मग म्हणालो की ती चौकोनी हॅशटॅगची खूणही त्यांच्याकडे नाही. "आपण घालू. त्यांना कुठे कळतंय," तो म्हणाला.

तिथेच भिंतीशी टोप्या रचून ठेवल्या होत्या. स्टीलच्या पातेल्यांना काळा रंग फासून दोन्ही बाजूंना थर्माकोलची शिंगं चिकटवलेली. मी हळूच सांगितलं की त्या काळातलं शिंगांचं एकही शिरस्त्राण सापडलेलं नाही, ही नंतरच्या लोकांची कल्पना आहे. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "सींग नहीं तो वाइकिंग कैसा? मग तो नुसता पातेलं घातलेला माणूस." मी तो हॅशटॅग रूनमध्ये लिहून दिला.

दोन दिवसांनी त्याने दगड दाखवायला नेलं. शहराबाहेर दगड घडवणाऱ्यांची एक मोकळी जागा होती. कारागिराने दगड आडवा ठेवून वरच्या कोऱ्या बाजूला खडूने माझी अक्षरं आखली होती. मी तपासली, एक रेघ उलटी होती, ती सांगितली. ठेकेदार, म्हणजे हा लग्नांचा माणूस, दगडाभोवती फिरून बघत होता. "खालची बाजू पण दाखव," तो कारागिराला म्हणाला. दोघांनी पहार घालून दगड उलटा केला.

तुटका कोपरा माझ्याकडे आला. त्यावर तुपाचा काळा डाग होता.

 अक्षरं तीच होती. सासूचं नाव, सुनेचं नाव, पायरी, पाण्याची जागा.

"हा कुठून आणला?" मी विचारलं.

"बाजारातून. जुना दगड हवा होता ना? नव्या दगडाला तो म्हातारपणा येत नाही."

"हा आमच्या गल्लीतला आहे."

"मग चांगलंच झालं. घरचाच वऱ्हाडी." तो कारागिराकडे वळला. "ही अक्षरं घासून टाक. ड्रोन सगळीकडून फिरणार आहे, नॉर्वेच्या दगडावर हिंदी दिसायला नको."

"मराठी आहे," मी म्हटलं. असं का म्हटलं माहीत नाही.

जुना दिसावा म्हणून जुना दगड आणायचा, आणि मग तो खोटा जुना करता यावा म्हणून त्याच्यावरचं खरं जुनं घासून काढायचं. हे त्याला अगदी सरळ वाटत होतं, हेच मला सहन होईना.  पण रागाने माझं बोलणं नेहमी बंद पडतं. मी कारागिराकडे पाहिलं. त्याला या कशाशी देणंघेणं नव्हतं. तो कंटाळून म्हणाला, "खोल कोरलंय. घासायचं तर आजचं काम परवावर जाईल."

तेवढी फट मला पुरली. मी म्हणालो, "त्या देशात असे दगड शेवाळाने भरलेले असतात. मागच्या बाजूला नकली शेवाळ लावा. जास्त खरं दिसेल."

ठेकेदार थांबला. मग त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "वाह गुरु. कॉलेजात एवढं तरी शिकवतात."

मी विचारलं, फंक्शन झाल्यावर दगड आम्हाला मिळेल का. तो म्हणाला, "घेऊन जा. डोक्यावर घेऊन जा. मला काय त्याचं लोणचं घालायचंय?"

घरी आलो तेव्हा आत्या परातीत कणीक मळत होती. मी तिच्याजवळ बसलो.

"दगड सापडला," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. "कुठं?"

"एका लग्नात आहे."

"दगड लग्नाला गेलाय?"

"हो."

"कोणाच्या?"

मी सगळं सांगितलं. तिने कणकेवर ओला हात फिरवला आणि विचारलं, "अक्षरं आहेत ना?"

"आहेत."

"येईल ना परत?"

"येईल," मी म्हणालो. "संगीताच्या दुसऱ्या दिवशी मी ढकलायचा ठेला घेऊन जाणार आहे."

त्या संध्याकाळी तिने नळाशेजारचं सिमेंट कडेने टोकरायला सुरुवात केली, दगड बसेल एवढी खाच करायला. बाबा म्हणाले, "अक्का, फावड्याने करतो मी." ती म्हणाली, "तुझे हात तर्पणाला लागतात. राहू दे."

संगीत वरुणा नदीपलीकडच्या एका लॉनवर होतं. मला ठेकेदाराने दुभाषा म्हणून बोलावलं होतं आणि मी गेलो, दगडावर लक्ष ठेवता येईल म्हणून. आत शिरताच पहिल्यांदा वास आला. खुर्च्यांवर आणि खांबांवर बकऱ्यांची कातडी टाकली होती, अर्धवट कमावलेली, खालून अजून ओलसर. वास झाकायला वरून गुलाबाचं अत्तर शिंपडलं होतं. सडकं चामडं आणि गुलाब. तो वास घशात जाऊन बसला. मधोमध वाइकिंग नावेच्या टोकाला असतं तसं, तोंड उघडलेलं नागाचं डोकं उभं होतं. ते दुर्गापूजेचे मंडप करणाऱ्याने केलं होतं, त्यामुळे ते दूरदेशीच्या नागाचं न वाटता देवीच्या सिंहाचं वाटत होतं, फक्त जीभ जास्त लांब.

घर शाकाहारी. म्हणून बांबूच्या काडीवर सोयाबीनची तंगडी केली होती आणि लोक ती दातांनी ओढून खात फोटो काढत होते. ठंडाई प्लास्टिकच्या शिंगांतून देत होते. शिंगाला बूड नसतं. त्यामुळे ते खाली ठेवता येईना, सगळं पिऊनही होईना, मग लोक उरलेली ठंडाई गवतावर ओतून शिंग फेकून देत. थोड्याच वेळात गवतभर दूध सांडलं आणि त्यावर माश्या बसल्या. काळी पातेली डोक्यावर घातलेले काका-मामा एकमेकांना ढुशा देत होते. एकाचं शिंग तुटून दुसऱ्याच्या तंगडीत पडलं. त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला.

हे काही पाप नव्हे, मला माहीत आहे. लग्नात लोक गंमत करतात. आमच्या लग्नांतही विहिणी एकमेकींना चिमटे काढतात. पण कोणाच्या तरी मेलेल्या बापांची लिपी, कोणाच्या तरी थंडीतले कपडे, त्यांना हे असं चघळून थुंकलेलं बघून मला वीट आला. चघळलं ते चांगल्या मनाने, असं सगळे सांगत होते. नवरीकडच्यांचा मान म्हणून.

मग नवरीची आई आली.

ती साठीच्या आसपासची, उंच बाई होती. तिने आपल्या भागाचा जुना पोशाख घातला होता. काळ्या लोकरीचा घोळदार घागरा, त्याच्या काठाला आणि चोळीवर रंगीत लोकरीने भरलेली फुलं, आत पांढरा सदरा आणि गळ्याशी चांदीचं पदक, त्याला लटकणाऱ्या बारीक चकत्या. ती चालली की त्या चकत्या हलत. ती म्हणाली, भरतकाम तिच्या आईने केलेलं आहे, आणि हा पोशाख तिच्या लग्नात, मुलीच्या बारशाला आणि मग आजच अंगावर आला. तिचं इंग्रजी सावकाश होतं, माझंही, त्यामुळे आमचं जमलं.

ठेकेदाराकडची पोशाखांची बाई हातात कातडं घेऊन धावत आली. तिने नवरीच्या आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाली, "भैया, मॅडमना सांगा, हे थीममध्ये बसत नाही. स्कूल ड्रेस वाटतोय. हे घालायला सांगा."

मी म्हणालो, "हा त्यांच्याच देशाचा आहे."

"हो, पण वाइकिंग नाही वाटत ना. फोटोत सगळे एकसारखे हवेत."

मी काय करणार? मी नवरीच्या आईला जसंच्या तसं सांगितलं. "त्या म्हणतात, तुमचा पोशाख तुमच्या देशाचा वाटत नाही." तिने माझ्याकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, मग त्या कातड्याकडे. आणि हसली. तिची मुलगी दूर स्टेजवर डोक्यावर शिंगं घालून उभी होती आणि आईला हात करत होती. आईने खांदे पुढे केले. पोशाखांच्या बाईने कातडं तिच्या खांद्यांवर टाकलं आणि पुढे सेफ्टी पिन लावली, चांदीच्या पदकाला घासून.

आमच्या घरी बाबांचं पूजेचं सोवळं दोरीवर वाळत असे तेव्हा आम्ही पोरं त्याच्या खालून वाकून जायचो. हात लागला तर पुन्हा धुवावं लागे. त्यात काय पवित्र होतं ते मला कधीच नीट समजलं नाही. त्या संध्याकाळी, त्या कातड्याचा ओला काठ भरतकामाच्या फुलांवर टेकलेला पाहिला तेव्हा समजलं.

दगड नावेच्या डोक्याशेजारी उभा केला होता. लोक त्याला टेकून फोटो काढत होते. एक पोरगं त्यावर चढलं होतं. पुढे रूनमध्ये तो हॅशटॅग लाल रंगाने भरलेला, सुरुवातीला फुलीगोळ्याची चौकट. नवरीची आई तिथे येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "मला हे वाचता येत नाही. आमच्याकडे आता फार थोड्यांना येतं. काय लिहिलंय?"

मला लाज वाटली. मी सांगितलं. ती हसली नाही. "आमच्याकडे यावर मेलेल्यांची नावं असतात," ती म्हणाली.

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "मी आधी तसंच लिहिलं होतं."

मग ती दगडाच्या मागे गेली. दुसरं कोणी मागे गेलं नव्हतं. तिथे प्लास्टिकचं हिरवं गवत डिंकाने चिकटवलेलं होतं. त्याचा एक कोपरा सुटला होता. तिने तो बोटाने उचलला. "हे काय आहे?"

मी गवत आणखी थोडं ओढलं. अक्षरांच्या खाचांमध्ये पिवळा डिंक भरला होता, नाकातल्या घाणीसारखा. मी तिला वाचून दाखवलं, आधी मराठीत, मग इंग्रजीत. एका बाईने आपल्या सासूच्या मागे ही पायरी आणि पाण्याची जागा बांधली.

तिने डिंक भरलेल्या खाचांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली की ती राहते त्या बाजूला एक उंच दगड होता, आता संग्रहालयात आहे. एका आईने मुलीच्या मागे पूल बांधला आणि दगडावर लिहिलं की त्या भागात हिच्याइतका हातांचा गुण कोणत्याच मुलीत नव्हता. बोलताना तिचा हात चोळीवरच्या फुलांवर गेला. मग म्हणाली, "आणि आमच्या गावच्या चर्चमध्ये एक दगड फरशीत बसवलेला निघाला. शेकडो वर्षं लोक त्यावरून चालत होते. कोणी उचलला तेव्हा कळलं की लेख खालच्या बाजूला आहे. म्हणून तो राहिला. जे वर तोंड करून होते ते पायांनी पुसून गेले."

मी तिला आत्याबद्दल सांगितलं, घासाबद्दल, आणि टोकरलेल्या सिमेंटबद्दलही. ती म्हणाली, "मग उद्या नक्की घेऊन जा."

तेवढ्यात नवऱ्याकडचा एक मामा पातेलं मागे सरकवत आला. त्याला थुंकायला आडोसा हवा होता. आमच्याकडे पाहून त्याने नमस्कारासारखं काहीतरी केलं, मान वळवली, आणि तोंडातलं पान दगडावर थुंकला. लाल पिंक अक्षरांवरून ओघळली. सुनेच्या नावावरून खाली 'पायरी' या शब्दापर्यंत. "सॉरी मॅडम," तो म्हणाला आणि निघून गेला.

बनारसमध्ये जन्मलेल्या माणसाला पिंकेची किळस येऊ नये. आमच्या जिन्यांचे कोपरे तेवढ्यासाठीच आहेत. पण मला किळस आली. मी खिशात रुमाल शोधू लागलो. त्याआधीच नवरीच्या आईने पिन काढली, खांद्यावरचं कातडं ओढलं, ते दुमडलं आणि त्याने दगड पुसला. नीट, खाचांमधून, वरून खाली. मग ते कातडं तिने गवतावर टाकून दिलं, ठंडाईच्या चिखलात. तिच्या खांद्याजवळच्या फुलांवर काळपट डाग उरला होता. "हा जाणार नाही," ती डागाकडे बघून म्हणाली, आणि मुलीसोबत नाचायला स्टेजवर गेली. ती तशीच नाचली, डाग घेऊन, थीममध्ये न बसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि माझा एक वर्गमित्र ठेला घेऊन लॉनवर पोचलो. मित्राने ठेल्यावर गोणपाट अंथरून आणलं होतं. नावेचं डोकं मोडून पडलं होतं, जीभ वेगळी. कुत्री कातडी ओढत होती. दगड उभा होता तिथे ओल्या मातीत फक्त त्याच्या बुडाचा ठसा होता.

ठेकेदार फोनवर म्हणाला, "टेंटवाल्याच्या ट्रकमध्ये गेला असेल." टेंटवाला म्हणाला, सामानात दगड कोण मोजतो, वाटेत कुठेतरी उतरवला असेल. मी पुन्हा ठेकेदाराला फोन केला. "गुरु, एक दगडच आहे ना? काशीत दगडांना तोटा आहे का?" पुढे पुढे तो फोन उचलेनासा झाला. शेवटी एकदा उचलून म्हणाला, "तू काय त्या दगडाचा नवरा लागतोस?"

रिकामा ठेला गल्लीत आला तेव्हा आत्या नळाशी उभी होती. खाच तयार होती, चुना कालवलेला होता.  चुना वाळून जाईल म्हणून तिने तो पाठशाळेच्या पायरीच्या भेगांत भरून टाकला.

मी टेंटवाल्याच्या गोदामात जाऊन आलो. दगड घडवणाऱ्यांकडे गेलो. तिथल्या कारागिराला तो दगड आठवतसुद्धा नव्हता. आत्या पहिले काही दिवस संध्याकाळी विचारायची, "काही कळलं?" नंतर तिने विचारणं सोडलं. झाडणं सोडलं नाही. बाबा एकदा जेवताना म्हणाले की दुसरा दगड बसवू, तोच मजकूर कोरून घेऊ. आत्याने त्यांच्या ताटात पोळी वाढली आणि म्हणाली, "तुझ्या वर्षश्राद्धाला दुसऱ्याच कोणाचं नाव घेतलं तर चालेल का तुला?" बाबांनी विषय पुन्हा काढला नाही.

पाऊस आला, गंगा आमच्या खालच्या पायऱ्या बुडवून गेली, चिखल ठेवून परतली. देवदिवाळी झाली. लग्नसराई पुन्हा सुरू झाली. रस्त्यावर वराती दिसू लागल्या की मी मान वळवून चालायचो.

परवा दुपारी त्याच वर्गमित्राचा फोन आला. तो शहराबाहेरच्या एका लॉनवर चुलतभावाच्या तिलकाला, लग्नाआधीच्या विधीला, गेला होता. मागे भांड्यांचा आणि माणसांचा गोंगाट होता.

"तुझा दगड बघतोय बहुतेक," तो म्हणाला.

"कुठे आहे?"

"जेवण झाल्यावर हात धुवायची जागा असते ना, तिथे. जमिनीत आडवा घातलाय. लोक त्यावर उभे राहून चुळा भरतायत. तुटका कोपरा आहे एका बाजूला." तो थांबला. "लई घाण आहे रे. पान, भात, सगळं."

आत्या समोरच बसून गहू निवडत होती. तिने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"वर काय दिसतंय?" मी विचारलं. "अक्षरं आहेत का? नीट बघ."

तो वाकला असावा. कोणीतरी त्याला हटकलं, "भैया, हाथ धोना है कि पूजा करनी है?" मग पाणी ओतल्याचा आवाज आला, त्याने बुटाने काहीतरी घासलं, आणि पुन्हा फोनवर येऊन म्हणाला, "आपली अक्षरं नाहीत. वर तुझ्या त्या काड्याच आहेत, त्याही निम्म्या झिजल्यात. दुसरी बाजू खाली आहे, मातीत."